नव्या रेकॉर्डची आंघोळ

आमच्या ह्यांनी अडतीस वर्षांच्या संसारात स्वतःचा चहाचा कप एकदाही विसळला नाही. प्यायचा आणि बसल्या जागी ठेवून द्यायचा. कप आपोआप स्वच्छ होऊन फडताळात जातो अशीच त्यांची समजूत असावी. निवृत्त झाल्यावर मात्र ह्याच माणसाला धुण्याची हौस लागली. कपडे नाहीत, भांडी नाहीत, तर रेकॉर्डी. त्या जुनाट, धुळीने माखलेल्या असत्या तर मी तोंडातून शब्द काढला नसता. पण हे नव्या कोऱ्या रेकॉर्डी धुतात. वेष्टन फाडलं की आधी आंघोळ, मग गाणं.

हे ज्ञान त्यांना फोनवरच्या एका ग्रुपातून मिळालं. त्यात सगळे ह्यांच्याच वयाचे, ह्यांच्याइतकेच रिकामे पुरुष. कारखान्यात साच्यातून निघताना रेकॉर्डीवर म्हणे तेलकट थर राहतो, कागदी पाकिटाचा भुसा खाचांत बसतो, आणि तशीच वाजवली तर सुई तो भुसा आत दाबते. मी विचारलं, "मग कारखानावाल्यांनाच का नाही सांगत धुऊन द्यायला?" त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की जणू मी चौथी नापास आहे. मी चौतीस वर्षं शिक्षिका होते, त्यातली अकरा तलासरीकडे, उधव्याच्या शाळेत. ही नजर मी मुलांवर टाकायची, त्यामुळे ती मला चांगली ओळखू येते.

आंघोळीचा थाट तर बघण्यासारखा. नळाचं पाणी चालत नाही, कारण डहाणूच्या बोअरचं पाणी खारट. गॅरेजमधून बॅटरीत घालायच्या पाण्याच्या बाटल्या यायच्या. त्यात कसला तरी साबणाचा थेंब, तोही ड्रॉपरने मोजून. मऊ ब्रश, दोन फडकी, एक ओलं आणि एक कोरडं, आणि दोन्ही मी शिवायची नाहीत. मग रेकॉर्ड वाळत घालायची कुठे, तर माझ्या ताटाळ्यात. स्टीलची ताटं उचलून ओट्यावर रचायची आणि त्यांच्या जागी ह्यांच्या काळ्या थाळ्या उभ्या करायच्या. चार तास त्यांना वारा लागू द्यायचा, पंखा नको, कारण पंख्याने धूळ उडते. त्या चार तासांत जेवायला बसायचं तर ताट ओट्यावरच्या ढिगातून काढून घ्यायचं.

मी वरोरची, समुद्रकाठची. आमच्याकडे ओली वस्तू दिसली की ती उन्हात जाते. बोंबील वलांडीच्या बांबूंवर, जवळा अंगणात, गोधड्या कुंपणावर. चार तास सावलीत उभी करून ओली वस्तू वाळते, हे मी ह्यांच्याकडेच पहिल्यांदा पाहिलं. हसू यायचं, आणि खोटं कशाला सांगू, ते हसू मी लपवतही नसे.

गेल्या वैशाखात एक दिवस सकाळीच उधव्याची धवलेरी आमच्या दारात उभी राहिली. वारल्यांच्या लग्नात भटजी नसतो. धवलेरी बाई धवळ, म्हणजे लग्नाचं गाणं, गाते आणि त्यानेच लग्न लागतं. ही बाई आणि तिची थोरली बहीण, दोघी मिळून आजूबाजूच्या गावांची लग्नं लावायच्या. थोरली गाणं उचलायची, धाकटी तिच्या मागोमाग धरायची. शहरातली काही मंडळी त्यांचं गाणं टिपून घेऊन गेली होती. त्याची रेकॉर्ड निघाली, तिची एक प्रत हिला पोचती झाली, पण तोवर थोरली गेली होती. रेकॉर्ड देणाऱ्यांनी ती वाजवायची कशावर, ह्याचा विचार केला नव्हता. शहाण्या माणसांच्या ते लक्षात येत नाही. आमच्याकडे मशीन आहे, हे मी मागे उधव्यात बोलले होते.

रेकॉर्ड जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेली होती. वेष्टनही फोडलेलं नव्हतं. ती म्हणाली, "बाई, आज रातचे वेवजीला लगीन हाय. ती गेली तवापासून मी कुठं गायले नाय. उचलायची तीच. मना तिचा उचलायचा आयकाचा हाय, एकदाच. मंग मी जाते."

एवढंच तिचं काम होतं. पाच मिनिटांचं. मांडवात दिवस मावळायच्या आत पोचायचं, म्हणजे दुपारची तलासरीची एसटी आणि पुढे जीप. मी प्लेअरवरचं कापड काढलं, तोच हे आतून आले.

"नवी आहे?" ह्यांनी विचारलं. आणि मी समजले.

मी म्हटलं, "अहो, आज राहू द्या. बाई लांबून आल्या आहेत."

"म्हणूनच म्हणतो. एकच प्रत आहे ना? मग तिच्यावर पहिलीच सुई घाणीवर फिरवायची?"

बोलणं बरोबर होतं, हेच संतापजनक होतं. धवलेरीने माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे, आणि ह्यांच्या हातात रेकॉर्ड दिली. ज्याच्या घरी मशीन आहे त्याला ठाऊक असणार, असं तिला वाटलं असावं. मी हिसकावून घ्यायला हवी होती. त्याऐवजी मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. टोमणे मारायला मी कायम तयार असते, आड यायची वेळ आली की मला चहा ठेवायचं आठवतं.

ब्रश, ड्रॉपर, दोन फडकी, सगळं यथासांग झालं. ताटं ओट्यावर आली, रेकॉर्ड ताटाळ्यात गेली. "दोन वाजेपर्यंत वाळेल," असं सांगून हे आंघोळीला गेले. स्वतःच्या आंघोळीला ह्यांना रेकॉर्डीपेक्षा कमी वेळ लागतो, पण त्या दिवशी दाढीही होती. बाहेर पडवीत धवलेरी पदराने वारा घेत बसली होती. तिने दोनदा विचारलं, "बाई, किती वाजलं?" एसटी बाराची होती.

तेव्हा मी ते केलं. मागच्या अंगणात पत्र्यावर मी तांदळाचे पापड टाकले होते. चांगलं वैशाखाचं ऊन होतं, पापड तासाभरात कडकडीत होत होते. मी ताटाळ्यातून रेकॉर्ड उचलली आणि पापडांच्या शेजारी नेऊन ठेवली. चार तासांचं काम दहा मिनिटांत होईल आणि ह्यांचं सगळं सोवळं एकदाचं उघडं पडेल, ह्याचाच मला जास्त आनंद होता. खरंच सांगते, त्या क्षणी धवलेरी माझ्या डोक्यात नव्हती. डोक्यात हे होते, ओल्या केसांनी बाहेर येऊन तोंड वासून उभे राहिलेले. मग मी चहा केला, धवलेरीला दिला, तिच्याशी उधव्याच्या शाळेचं बोलत बसले. दहाची वीस मिनिटं झाली असतील.

परत गेले तर रेकॉर्डीची एक कड वर उचललेली, समोरची खाली बसलेली. मी हाताने दाबून बघितली. ती पुन्हा वर आली.

हे बाहेर आले, त्यांनी रेकॉर्ड हातात घेतली, डोळ्यांच्या रेषेत धरली. ओरडले असते तर मी दुप्पट ओरडले असते, त्याची माझी तयारी होती. ते फक्त म्हणाले, "उन्हात ठेवलीस?" आणि प्लेअरपाशी गेले. सुई जाईल म्हणून एरवी कोणाला जवळ न फिरकू देणाऱ्या माणसाने ती वाकडी रेकॉर्ड मुकाट्याने लावली आणि सुई बोटाने धरून हळूच टेकवली.

सुई लाटेवर चढल्यासारखी वर जायची, खाली यायची. थोरलीने उचललं. पण सूर लांबायचा, जाड व्हायचा, मग बारीक होऊन निसटायचा आणि परत यायचा. प्रत्येक फेऱ्याला तेच. धवलेरी जमिनीवर बसून ऐकत होती. तिची बोटं गुडघ्यावर ठेका धरायची आणि थांबायची, धरायची आणि थांबायची. हे खिडकीबाहेर बघत होते. मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

धवळ संपल्यावर ती उठली, पदर खोचला. म्हणाली, "अशीच. शेवटाला तिचा आवाज असाच हालत व्हता. बरा झाला, आयकाला भेटला." हे सांगताना ती माझ्याकडे बघत होती, मशीनकडे नाही. रेकॉर्ड तिने आमच्याकडेच ठेवली. घरी नेऊन करणार काय?

मी तिला स्टँडपर्यंत सोडायला गेले. माफी मागायची होती, पण जन्मभर दुसऱ्यांना नावं ठेवलेल्या तोंडातून ती निघेना. आणि त्या बाईने मला त्याची गरजच ठेवली नव्हती. तिने माझी कीव केली होती. थोरली जायच्या महिनाभर आधी उधव्याच्या एका मांडवात मी तिला ऐकलं होतं. भर गर्दीतून तिचा आवाज ताडासारखा सरळ वर गेला होता. शेवटपर्यंत तो कधीच हलला नव्हता.

स्टँडवर सावलीला उभी राहून ती हलक्या आवाजात धवळ उचलायला लागली. पहिली ओळ नीट गेली. दुसरीला सूर लांबला, जाड झाला, निसटला, अगदी रेकॉर्डीवर निसटत होता त्याच जागी. ती थांबली, मान हलवली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तिथेच निसटला. तिसऱ्यांदा तिने तोंड उघडलं आणि तलासरीची एसटी आली.