दुकानातल्या चिठ्ठ्या

डिंकाचा वास आला की मला मस्तगडमधला वेबपेज बनवायचा तो क्लास आठवतो. ब्लाउजपिसांचं दुकान मी एकटीनं उभं केलं होतं, आणि त्याचं इंटरनेटवरचं पानही माझ्याच हातानं बनवायचं होतं. पहिल्या दिवशी सरांनी हेडर म्हणजे काय ते विचारलं. मला सांगता आलं नाही, तेव्हा सगळ्यांसमोर ते म्हणाले, "मावशी, हे तुमचं काम न्हाई. नाव काढून घ्या." माझं डोकं तापलं. "आठ दिवस द्या सर. वेबपेजचे सगळे शब्द न्हाई आले तर मीच उठून जाते." "दोन देतो." "पाच." चार दिवसांवर सौदा ठरला. कापडाच्या गठ्ठ्यांवर डिंकानं चिठ्ठ्या लावायची माझी जुनी सवय, तशाच मी दुकानभर लावल्या: वरच्या पाटीवर हेडर, उंबऱ्यावर फूटर, मांडण्यांमधल्या मोकळ्या जागेत मार्जिन, आतल्या खोलीच्या दारावर लिंक. गिऱ्हाइकं हसायची, "हे काय नवीन करून राह्यल्या?" चौथ्या दिवशी सरांनी लिंक विचारली. मी म्हटलं, "दार आहे सर. दाबलं की माणूस दुसऱ्या खोलीत." सर म्हणाले, "बराबर," आणि कॉम्प्युटरसमोरची खुर्ची मला दिली. पान मीच बनवलं. आता सर नव्या पोरींना त्या चिठ्ठ्या बघायला माझ्याकडे पाठवतात, पण पहिल्या दिवशी आपलं चुकलं, एवढं त्यांच्या तोंडून अजून निघालं नाही. आज हेडरची चिठ्ठी सुटली होती. मी स्टुलावर चढून नवी चिकटवली.