आमच्या घरच्यांचा देवमासा

आमच्या घरात सहल दोन दिवसांची असते आणि ती सांगायला वर्ष पुरत नाही. दापोलीकडच्या किनाऱ्यावर बोटीतून डॉल्फिन बघायला गेलो, त्याला आता दुसरा हिवाळा आला. तरी महाडजवळच्या बिरवाडीत आमच्या घरी पाहुणा आला की चहाबरोबर त्यातला एखादा किस्सा निघतोच. प्रत्येक जण आपापल्या सोयीचा सांगतो. म्हणून म्हटलं, या वेळी मी सांगते. खरा!

मंडळी चारच. मी. बाबा, म्हणजे रिटायर्ड मास्तर. त्यांचे मोठे भाऊ अण्णा, पोलादपूरच्या वरच्या अंगाला शेती करतात आणि त्यांना जगातलं सगळं माहीत असतं. आणि या दोघांची धाकटी बहीण, माझी सुमनआत्या. ती महाडात एकटी राहते.

*

बेत माझा होता. म्हणजे विरोध आलाच.

"समुद्रात बघायचं काय? पाणीच ना?" अण्णा म्हणाले. "आपल्या सावित्री नदीला काय कमी पाणी हाय?"

"सावित्रीत डॉल्फिन आहेत का अण्णा?"

"मगरी हायत की!"



आत्या मात्र लगेच "येते" म्हणाली. आणि पुढच्याच वाक्यात म्हणाली, "पण मी वाळूत बसून राहीन."

महाडात पूर आला तेव्हा तिच्या खोलीत छताला पाणी लागलं होतं. शेजाऱ्यांच्या गच्चीवर बसून तिने आपल्याच गाद्या आणि डबे गल्लीतून वाहत जाताना बघितले. तेव्हापासून रिक्षा पुलावर आली की ती डोळे मिटून घेते. घरात बादली भरून सांडली तरी ओरडते. आणि घरातले मोठे काय म्हणतात? "असू दे." या "असू दे"चा मला भयंकर राग येतो. माणूस घाबरलंय, तर त्याला तसंच सोडून द्यायचं? मी ठरवून टाकलं. आत्या बोटीत बसणार, आणि डोळे उघडे ठेवून बसणार!

*

निघायच्या सकाळी बॅग घेऊन बाहेर आले, तर स्वयंपाकघर रिकामं! मिक्सर, शेगडी, तांदळाचा डबा, सगळं माळ्यावर. बाबा आणि अण्णा घामाघूम होऊन फ्रीजला हात घालत होते.

पुरानंतर आमच्याकडे ही सवयच झालीये. नदी चढल्याची बातमी आली की सामान वर. पण बाहेर लख्ख ऊन, थंडीचे दिवस!

"बाबा, हे काय चाललंय?"

"दोन दिवस घर बंद राहणार. सामान वर असलेलं बरं."

"अहो, आपण पाण्याकडे चाललोय. पाणी आपल्याकडे येत नाहीये!"

अण्णांनी फ्रीजचा खालचा कोपरा उचलला आणि म्हणाले, "ते तुला माहीत. पाण्याला कुठं माहीत हाय?"

फ्रीज वर गेला. निघायला तासभर उशीर!

*

किनाऱ्यावर बोटीचा नाखवा भेटला, तिशीतला, शांत माणूस. अण्णांनी त्याचा इंटरव्ह्यूच घेतला.

"पोहता येतं का रे तुला?"

"काका, बोट चालवता येते."

"ते ठीक. पण बुडाली तर?"

"तर मग पोहता पण येतं."

अण्णांचं समाधान झालं नाही. त्यांनी लाइफ जॅकेट मागून घेतलं, अंगावर चढवलं, तीन ठिकाणी बकल लावले आणि तसेच टपरीवर पोहे खायला बसले. पोटावर जॅकेट, जॅकेटवर पोह्याची प्लेट. येणारी-जाणारी पोरं हसत होती.

मी म्हटलं, "अण्णा, इथे जमीन आहे."

"महाडात काय होतं मग?"



*

बोटीपर्यंत गुडघाभर पाण्यातून चालत जायचं होतं. आत्या ओल्या वाळूच्या कडेला आली आणि थांबली. लाट यायची, ती मागे सरकायची. लाट गेली तरी ती पुढे यायची नाही.

मी समजावलं. मग चिडले. चार लोकांत मोठ्याने म्हणाले, "आत्या, किती वर्षं अशी घाबरून काढणार आहेस गं?"

ती माझ्यावर अजिबात रागावली नाही. फक्त म्हणाली, "तू पुरात नव्हतीस गो."

नव्हतेच. मी तेव्हा पुण्यात होते, हॉस्टेलवर. 

तेवढ्यात बोटीतून अण्णांचा आवाज आला. नाखवाला ते सांगत होते, बोट लाटेला आडवी लाव, बैल आपण उताराला असाच लावतो. आत्याने कपाळावर हात मारला.

"हा अण्णा समुद्राला पण नांगरट शिकवील! याच्या भरवशावर पोरीला कशी सोडू?"

तिने साडी खोचली, माझं मनगट गच्च धरलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "चल. ने."

बोटीत मधल्या फळीवर मी तिला बसवलं. बोट सुटली, किनारा लांब गेला. आत्याचे डोळे मिटलेलेच!

"आत्या, आता तरी उघड."

"उघडले तर पाणी दिसल."

*

डॉल्फिन आले. काळपट पाठी पाण्यावर यायच्या, गोल वळायच्या, गायब! मी वेडी झाले. बाबांनी तर वर्गात पोराने बरोबर उत्तर दिल्यासारख्या टाळ्या वाजवल्या.

अण्णा नाराज. "किनाऱ्यावरच्या बोर्डावर एवढी मोठी उडी दाखवलीये. हा तर नुसती पाठ दाखवतोय!"

नाखवा म्हणाला, "काका, बोर्डावरचा पगारी आहे."

आत्याने बंद डोळ्यांनीच विचारलं, "कसे हायत गो?"

मी सांगत राहिले. कुठे आले, किती जवळ, पिल्लू बरोबर आहे. ती मान हलवत होती. मला रडू येईल की काय असं वाटायला लागलं. एवढ्या लांब आणून तिला मी ऐकवतच होते फक्त!

*

पुढे जे झालं ते अण्णा दर रविवारी बिरवाडीच्या नाक्यावर येऊन सांगतात. त्यांच्या सांगण्यात देवमासा आधी एसटीएवढा होता. गणपतीत तो दोन एसट्यांएवढा झाला. हल्ली तो सावित्रीच्या पुलाएवढा आहे.

एकाने विचारलं, "अण्णा, फोटो दाखवा की."

अण्णा शांतपणे म्हणाले, "मावला नाय."

खरं म्हणजे फोटो कोणीच काढला नाही. माझा फोन माझ्या हातात होता आणि मला त्याची आठवणही झाली नाही.

*

बोट परत वळवताना नाखवाने एकाएकी इंजिन बंद केलं.  टोपी काढली फक्त.

आधी आवाज आला. फूऽऽस! डोंगराने श्वास सोडावा तसा. पाण्यातून वाफेचा खांब उभा राहिला, त्याचे तुषार आमच्या तोंडावर आले. मासळीचा उग्र वास. आणि मग पाठ वर आली. वीर स्टेशनच्या फाटकाशी मालगाडी जाताना डबे संपतच नाहीत, तशी ती पाठ. करडी, ओली, सरकतेय, सरकतेय, संपतच नाही!

"मगर!" अण्णा ओरडले. आम्ही महाडकडची माणसं, पाण्यातून पाठ वर आली की तोंडातून तेच निघतं. कोणी हसलं नाही.  मी अण्णांना गप्प बसलेलं पहिल्यांदाच बघत होते. बाबांचे हात नकळत जोडले गेले होते.

"देवमासा," नाखवा पुटपुटला. "मेलेला बघितलाय किनाऱ्याला लागलेला. असा जिवंत, एवढ्या जवळ... कधीच नाही."

माझ्या मनगटावरची पकड सुटली. मी वळून बघितलं. आत्या उभी होती! हलत्या बोटीत, काही न धरता, तोंडावरून पाणी ओघळतंय, आणि डोळे टक्क उघडे.

तो पुन्हा एकदा श्वास सोडून गेला. खाली, खोल. पाणी मिटलं.  मग नाखवाने इंजिन सुरू केलं.

आत्या फळीवर बसली आणि तिने परत डोळे मिटून घेतले.

 मी तिचा हात धरला. "आत्या, घाबरू नकोस. गेला तो. उघड बघू डोळे."

"गप गो," ती म्हणाली. "अजून दिसतोय."