मथुराबाईंचा दिल्लीचा अर्ज

मालवणच्या मुलींच्या शाळेत शिवण आणि भूगोल शिकवणाऱ्या मथुरा रेडकरला दिल्लीहून नकार आला, की तो तिच्याआधी साऱ्या शाळेला कळायचा. पोस्टमन बाबली फाटकाशी सायकल टेकवायचा आणि शिपायाला सांगायचा, "बाईंचा दिल्लीचा इला. पातळ आसा." जाड पाकीट म्हणजे अजून कागद मागितलेत, पातळ म्हणजे नाही म्हटलंय, एवढं बाबलीला आता पत्र न फोडता समजत होतं. मथुराला त्याचा राग यायचा. पण खरा राग बाबलीवर नव्हताच.

ती मूळची आरोंद्याची. गाव तेरेखोलच्या खाडीवर. वडील दाजी रेडकर भातशेती करायचे, थोडे काजू होते. खाडीपलीकडे पेडण्याची बाजू, म्हणजे पोर्तुगिजांचं राज्य. पण मथुराच्या लहानपणी ते राज्य कोणाला दिसत नसे. पलीकडच्या देवळातली आरती अलीकडे ऐकू यायची, अलीकडचे बैल पलीकडच्या बाजारात विकले जायचे. थोरली बहीण तुळसा पलीकडे दिली, तेव्हा लेक परमुलखात दिली असं कोणाच्या मनातही आलं नाही. सकाळी होडीत बसली की न्याहारीला माहेरी, इतकंच ते अंतर.

पंचावन्न साली गोव्यात सत्याग्रह झाले, गोळीबार झाला आणि हद्द बंद झाली. होड्या वर ओढून ठेवायला लावल्या. अलीकडे आपले पोलीस बसले, पलीकडे पाखले, म्हणजे पोर्तुगीज शिपाई. जायचं तर परवाना हवा, आणि परवाना कुठून मिळतो हे विचारायला सावंतवाडीला जावं लागे. तिथे सांगत, इथे नाही.

मथुरा त्या वेळी कोल्हापूरला मामाकडे राहून बी. ए. करत होती. मामा पोलिसात हवालदार होता. त्याच्याच हट्टामुळे ती एवढी शिकली. दुसऱ्या वर्षी श्रावणात आई पार्वती तापानं गेली. मथुरा पोचली तेव्हा तिरडी बांधून झाली होती. तुळसाचा परवान्याचा अर्ज आई आजारी पडली तेव्हापासून कुठल्यातरी कचेरीत पडून होता.

शेवटी दाजींनी एका होडीवाल्याला काठावर उभं केलं. त्यानं तोंडाभोवती हात धरून साद घातली, "तुळशेऽऽ, आवस गेली तुजी." पलीकडे माडांखाली उभी असलेली एक हिरव्या लुगड्यातली आकृती खाली बसली. उठली नाही. इकडे सरण पेटलं. त्याचा धूर वाऱ्यानं खाडीवर गेला, तो तुळसानं तिथूनच पाहिला.

मथुरा काठावरच्या पोलिसाकडे गेली.

"तिला अर्धा तास येऊ दिलं असतं तर काय झालं असतं?"

"बाई, वरून हुकूम आहे."

"वर म्हणजे कुठे?"

त्याला राग आला नाही, उलट तो ओशाळला. म्हणाला, "वर म्हणजे वर. सावंतवाडीच्या वर. मुंबईच्याही वर असेल. मला काय ठाऊक?"

कोल्हापूरला परतल्यावर मथुरानं राजकारण शिकवणाऱ्या प्राध्यापकांना विचारलं, की हद्द कोण घालतं, कोण उठवतं, आणि तसं करताना हद्दीवरच्या माणसांचा विचार कुठल्या टेबलावर होतो? प्राध्यापक हसले नाहीत. म्हणाले, "हा आता स्वतंत्र विषय आहे. आंतरराष्ट्रीय संबंध म्हणतात. दिल्लीत शिकवतात, अमेरिकेतही शिकवतात. तू अर्ज कर." ते सहज बोलून गेले असतील. मथुरानं मात्र ते वाक्य धरूनच ठेवलं.

बी. ए. झाल्यावर पोटापाण्यासाठी मालवणची नोकरी घेतली आणि पहिला अर्ज धाडला. दोन प्राध्यापकांची शिफारस हवी होती. ज्यांनी अर्ज करायला सांगितलं ते निवृत्त होऊन विदर्भात गावी गेले होते. पत्राला उत्तर नाही. दुसऱ्यांनी लिहून दिलं की कुमारी रेडकर सुशील आहे, तिचं अक्षर वळणदार आहे आणि ती वर्गात कधी उलट बोलली नाही. मथुरानं ते वाचलं आणि दिल्लीच्या उत्तराची वाट बघणं तिथेच सोडून दिलं. नकार आला तो फक्त उपचार होता.

दुसऱ्या वेळी आडवे आले मुख्याध्यापक. रामचंद्र सर माणूस वाईट नव्हता, पण नियमाबाहेर शिंकलासुद्धा नसता.

"अर्ज योग्य मार्गाने गेला पाहिजे," ते म्हणाले. "म्हणजे माझ्यामार्फत, माझ्याकडून संस्थेकडे, संस्थेकडून रत्नागिरीला, शिक्षण खात्याकडे."

"सर, मुदत या महिनाअखेरची आहे."

"मुदत दिल्लीची आहे, बाई. मार्ग आपला आहे." मग ते जरा मऊ झाले. "एक विचारू? हे शिकून तुम्ही करणार काय? आंतरराष्ट्रीय म्हणजे वकिलातीत जाणार? आपल्याला शिवणाला दुसरी बाई मिळायची नाही."

अर्ज रत्नागिरीहून परत आला तेव्हा दिल्लीची मुदत टळून गेली होती आणि शाळेला मेची सुट्टी लागायच्या बेतात होती. त्यावर शेरा होता: सदर अभ्यासक्रमाचा शिवणाच्या अध्यापनाशी संबंध स्पष्ट करावा.

मथुरानं स्पष्टीकरण लिहिलं नाही. त्या दिवशी तिनं पाचवीच्या मुलींना उगाचच रागावून काज-बटणं उसवायला लावली, आणि घरी येऊन त्याचीच लाज वाटून बसली.

मग तिनं अमेरिकेला लिहिलं. तिकडच्या विद्यापीठाचं पत्र एवढं गोड आलं की तिला दोन दिवस ते खरंच वाटेना. सारं ठीक आहे, फक्त इंग्रजीची परीक्षा मुंबईला येऊन द्या, असं म्हटलं होतं. परीक्षा पावसाळ्यात. आगबोटी मे संपता संपताच बंद झालेल्या. एस. टी.नं निघाली तर घाटात दरड कोसळून रस्ता बंद. गाडीतली माणसं घाटाखालच्या एका हॉटेलात भजी खात, पत्ते कुटत मजेत बसली. मथुरा एकटीच दर थोड्या वेळानं ड्रायव्हरला विचारायला जाई. रस्ता सुटला तेव्हा मुंबईला जाण्यात अर्थ उरला नव्हता. ती तिथूनच मागे फिरली. विद्यापीठानं पुन्हा गोड पत्र लिहिलं, पुढच्या वर्षी प्रयत्न करा. पुढच्या वर्षीही परीक्षा पावसाळ्यातच होती.

एकसष्ट साली तिनं पुन्हा दिल्लीला अर्ज केला. या वेळी पुस्तकी काही लिहिलंच नाही. बंद खाडी, परवाना, काठावरचा पोलीस आणि 'वर म्हणजे वर' हे सगळं इंग्रजीत जसंच्या तसं मांडलं आणि खाली लिहिलं, की हे 'वर' कुठे असतं आणि तिथे निर्णय कसे होतात ते मला शिकायचं आहे. रामचंद्र सरांनी तो अर्ज एका दिवसात पुढे पाठवला. तिच्या हट्टापुढे ते थकले होते, किंवा शिवणाला दुसरी बाई सापडली होती. डिसेंबरात पाकीट आलं. बाबली शिपायाशी न बोलता थेट तिच्या वर्गाच्या दारात आला. पाकीट जाड होतं. जानेवारीत मुलाखत.

आणि त्याच डिसेंबरात भारताचं सैन्य गोव्यात शिरलं. मालवणच्या बाजारपेठेत पेढे वाटले गेले. मथुराही आनंदली, का नाही आनंदणार? आरोंद्याची माणसं जानेवारी लागताच होड्या भरभरून पलीकडे गेली. दाजींचं पत्र आलं: तुळसा वाट बघते, तू ये.

पण रजा एकच मिळत होती. ती तुळसाकडे वापरली, तर दिल्लीला जाता येत नव्हतं. मथुरानं दिल्ली निवडली. दाजींना लिहिलं, परत आल्यावर लगेच जाते.

मुलाखतीला तिघे जण होते. थंडी अशी की तिचे ओठ नीट हलेनात. मधल्या गृहस्थांनी तिचा अर्ज चाळला आणि मायेनं म्हणाले, "मिस रेडकर, तुम्ही लिहिलंय छान. पण ही हद्द आता राहिली नाही. तुमचा प्रश्न सैन्यानं दोन दिवसांत सोडवला. मग आता अभ्यास कशाचा करणार?"

"हद्द उठली, सर," मथुरा म्हणाली. "पण ती बंद केली तेव्हा आमच्या गावाला कोणी विचारलं होतं का, आणि नसेल तर का नाही, ते शोधायचंय."

उजवीकडचे तरुण प्राध्यापक म्हणाले, "ही तक्रार झाली. संशोधन नव्हे."

यावर तिच्याकडे उत्तर होतं. मालवणीत तर ताबडतोब होतं. मराठीतही जमलं असतं. पण इंग्रजीत शब्द जुळवेपर्यंत तिसऱ्यांनी विचारलं, "लग्नाचा काय विचार आहे? कारण मधेच सोडून गेलात तर जागा फुकट जाते."

"लग्नाचा विचार नाही," एवढंच ती बोलली. 'ही तक्रार झाली' याला द्यायचं उत्तर तिला परतीच्या गाडीत, झाशी गेल्यावर, शब्दन् शब्द सुचलं: की तक्रारीला कोणी कान दिला नाही म्हणूनच तिचं संशोधन करावं लागतं. समोर एक मारवाडी कुटुंब पुरी-भाजी खात होतं. तिला ते वाक्य कोणाला तरी ऐकवावंसं वाटलं, आणि ऐकवण्यासारखं कोणी नव्हतं.

पातळ पाकीट मार्चमध्ये आलं.

तुळसाकडे ती गेली एप्रिलात. उशीर झाला होता, पण त्याआधी रजाच मिळाली नाही. तुळसा अंगणात काजूच्या बिया वाळवत होती. केस पिकले होते. मथुरा पुढे झाली, पण तुळसानं हातातलं सूप खाली ठेवलं नाही.

"इलंस?"

"इलंय, बाय."

"जानेवारीत सगळो गाव येवन गेलो. बापूस इलो, म्हातारो माणूस, होडयेत चढाक जमणा नाय तरी इलो. तू खंय होतंस?"

"दिल्लीक."

"माका म्हायत आसा. बापाशीन सांगल्यान." तुळसा बिया परतत राहिली. "माज्याच पायी तू तां शिकाक निघालंस म्हणान सांगतत सगळे. होय मा? मगे माजे दारात येवक तुका येळ कसो गावलो नाय?"

रजेचा नियम, मुलाखतीची तारीख, सगळं खरं होतं आणि काहीच सांगण्यासारखं नव्हतं. मथुरा खाली बसली आणि बिया परतू लागली. संध्याकाळी तुळसानं तिला कुळथाची पिठी आणि भात वाढला, वर सुका बांगडा भाजून दिला. जेवताना मात्र ती आईबद्दल विचारत राहिली: शेवटी काय बोलली, पाणी कोणी घातलं, अंगावर कुठलं लुगडं होतं. मथुरा स्वतःही उशिराच पोचली होती. जे दाजींकडून ऐकलं होतं ते तिनं सांगितलं, आणि जे ठाऊक नव्हतं ते ठाऊक नाही म्हणाली.

पुढच्या वर्षी तिनं शेवटचा अर्ज केला. या वेळी विषय होता, हद्द उठल्यावर दोन्ही काठांचं काय होतं. हा तिनं पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला लिहिला होता, हे तिचं तिलाच कळत होतं. उत्तर कारकुनाच्या सहीनं आलं: उमेदवाराचं वय मर्यादेबाहेर असल्यानं अर्ज विचारात घेता येत नाही. अर्ज कोणी वाचलाच नव्हता. मर्यादा तीस होती आणि मथुराचं तिसावं नुकतंच सरलं होतं. रामचंद्र सर म्हणाले, "वाईट झालं, बाई." ते मनापासून म्हणाले, आणि मथुराला ते सगळ्यांत असह्य झालं. अर्ज रत्नागिरीला फिरून येण्यात गेलेलं ते एक वर्ष तिनं बोलून दाखवलं नाही. सरांनाही आठवत असावं, कारण ते खिडकीबाहेर बघत राहिले.

कोल्हापूरला तोवर विद्यापीठ झालं होतं; पुढे तिथे तिनं बाहेरून बसून राज्यशास्त्रात एम. ए. केलं. शाळेनं तिला आठवीचं नागरिकशास्त्र दिलं. शिवण काढून घेतलं नाही.

लोक म्हणत, बाईंनी अखेर मिळवलंच. तिला ते ऐकवत नसे. तिनं मिळवलं होतं ते दुसरंच होतं, आणि हवं होतं ते मिळालं नव्हतं. एक दुसऱ्याच्या जागी ठेवून समाधान मानायचं, हे तिला कधी जमलं नाही.

अडुसष्ट साली तुळसा चार दिवस मालवणला राहायला आली. दोघी मागल्या दारी बसून कोळंबी सोलत होत्या. तुळसानं एकदम विचारलं, "तू दिल्लीक शिकाक जायत होतंस, तां काय होतां गो? माका अजून समाजला नाय."

मथुरानं सांगायला सुरुवात केली. देश, करार, खाती, सचिव. मालवणीत एकेक शब्द आणताना वाक्य अडखळत होतं. तुळसा ऐकत होती, हातातली कोळंबी तशीच होती.

"म्हणजे हुकूम करतत ती माणसां कशी इचार करतत, तां शिकवतत?"

"होय. तसांच कायतरी."

"मगे तुका कित्या घेवक नाय?"

मथुराच्या डोळ्यांसमोर ते सगळे जण येऊन गेले: शिफारस लिहिणारे, मार्ग दाखवणारे, मायेनं बोलणारे, सही करणारा कारकून. वाईट त्यांतला एकही नव्हता. एकट्याच्या नावानं खडे फोडावेत असाही कोणी नव्हता, आणि तिचा राग म्हणून तर विझत नव्हता.

"माका म्हायत नाय, बाय," ती म्हणाली. "कोणी सांगल्यानच नाय."

तुळसानं मान हलवली आणि टोपली आपल्याकडे ओढली. "बरी आसत कोळंबी. सांजेक सुका करूया," ती म्हणाली. मथुरा नारळ फोडायला उठली.