‘ही नोंद मी केली’ म्हणणारे मधुकरराव

मधुकरराव ढोले यांची आणि माझी पहिली भेट तहसील कचेरीच्या खिडकीपाशी झाली, आणि त्या भेटीचा धक्का अजून ओसरलेला नाही. आमचे गाव भीमाशंकरच्या वाटेवरचे. निराधार योजनेचा पगार तेव्हा नुकताच संगणकावर गेला होता. शेजारच्या भागूबाईंचा पगार दोन महिने आला नाही, म्हणून मी त्यांना घेऊन गेलो होतो.

मधुकरराव तिथले कारकून. त्यांनी पडद्यावर पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. “आजी, इथं तुम्ही मयत दिसता.”

“आन् मंग तुज्याशी बोलतंय कोण, भाऊ? माजं भूत?”

रांग खो खो हसली. मधुकरराव हसले नाहीत. त्यांनी जुनी वही काढून एकेक नाव ताडून पाहिले. आमच्या गावच्या सतराच्या सतरा विधवा संगणकात मेलेल्या! वहीत नवऱ्याच्या नावापुढे ‘मयत’ लिहिलेले असे. संगणकात भरताना ते बायकोच्या रकान्यात पडले होते.

मी समजुतीने म्हटले, “यंत्रच ते, चुकायचंच.”

ते उभे राहिले आणि रांगेकडे वळून म्हणाले, “यंत्रानं काही केलेलं नाही. ही नोंद मी केली.”

शाळेत मुलांकडून चालीवर कविता म्हणवून घेण्यात माझी तीस वर्षे गेली. पण सरकारी टेबलामागून असे वाक्य कधी कानी पडले नव्हते. आतून साहेब ओरडले, “ढोले, संगणकात बिघाड एवढंच लिहा. उगाच चौकशी लागंल, राव!” मधुकररावांनी अहवालात चूक स्वतःच्या नावावर लिहिली. चौकशी लागली, वेतनवाढही थांबली.

दुरुस्तीला आणखी महिना गेला. सोळाजणींचा पगार सुरू झाला. सतराव्या ठकूबाई तोवर खरोखरच गेल्या होत्या. मधुकरराव एसटीने त्यांच्या दारी आले, चपला काढून उंबऱ्याबाहेरच थांबले आणि सुनेला म्हणाले, “त्यांचे शेवटचे तीन महिने माझ्यामुळे औषधाविना गेले.”

सून उंबऱ्यापर्यंत आली. मग म्हणाली, “लई उशीर झाला, भाऊ. पर आलात. आत या, च्या टाकते.”

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कुठल्याही गावची यादी चावडीवर मोठ्याने वाचल्याशिवाय त्यांनी संगणकातून पुढे धाडली नाही. नावे ते संथ, ओळीओळीला थांबत वाचत. “हाय, हाय!” असे उत्तर आले की खूण करीत. उत्तर न आल्यास स्वतः त्या घरी जात.

आज त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना दीर्घ, निरोगी आयुष्य लाभो, असे मी लिहीत होतो. ठकूबाईंच्या सुनेला वाचून दाखवले, तर ती म्हणाली, “गुर्जी, असं लिवा, आमच्या सासूचं ऱ्हायलेलं आयुष्य त्यास्नी लागू दे.”