नानांची चिनी कमल

नानांना चिनी भाषेतलं एक अक्षर कळत नव्हतं, आणि तरी चिनी सिनेमातली बाई काय बोलते आहे हे ते छातीठोकपणे सांगत. नुसतं सांगत नसत, तिच्या ओठांबरोबर सांगत. ती थांबली की नाना थांबत, तिने हुंदका गिळला की नानाही गिळत, आणि ती चिडली की नानांच्या हातातला भज्यांचा झारा असा उगारला जाई की पहिल्या बाकावरची माणसं डोकी खाली घालत. त्या झाऱ्यातलं तेल दोनदा माझ्या पांढऱ्या शर्टावर उडालेलं आहे. तक्रार करत बसलो असतो तर पुढे ती बाई, नानांची कमल, काय म्हणाली ते ऐकायचं राहून गेलं असतं.

विसरवाडीच्या चौफुलीवर नानांचं चहा-भज्यांचं हॉटेल होतं. मी मूळचा रनाळ्याचा, बिऱ्हाड नंदुरबारला आणि मराठीच्या शिक्षकाची नोकरी विसरवाडीच्या पुढच्या एका खेड्यात. शाळा सुटली की विसरवाडीला यायचं आणि नंदुरबारच्या गाडीची वाट बघायची, हा माझा रोजचा उद्योग. ती गाडी वेळेवर आल्याचं मला आठवत नाही. एरवी मी एस.टी.च्या नावाने बोटं मोडणारा माणूस, पण नानांच्या हॉटेलात बसलो की गाडी अजून अर्धा तास येऊ नये असं वाटायचं.

हे चिनी प्रकरण सुरू झालं ते नंदुरबारच्या एका कापडवाल्या शेठजींच्या मुलामुळे. तो माल बघायला चीनला जायचा. नानांची आणि त्याची ओळख, म्हणून एकदा त्याने तिथून सात सीड्या आणून दिल्या. चिनी सिनेमा म्हटल्यावर नानांना वाटलं, हाणामारी असणार, उड्या असणार, गिऱ्हाईक हलणार नाही. हॉटेलातल्या टीव्हीवर सीडी लावली, तर एक बाई नावेत बसून शेंगा सोलते आहे. दहा मिनिटं झाली तरी सोलतेच आहे. "नाना, मारामारी कव्हय शे?" असं विचारून एक ट्रक ड्रायव्हर अर्धा चहा टाकून उठला. नाना कढईपासून धावत आले आणि त्याचा दंड धरून म्हणाले, "बस भो! ती आते काय सांगी ऱ्हायनी माहीत शे का? ती सांगी ऱ्हायनी, माले परत त्या घरमा धाडू नका." ड्रायव्हर बसला. त्याने दुसरा चहा मागवला. त्या दिवसापासून नाना त्या बाईच्या वतीने बोलू लागले.

सातही सीड्यांत नटी एकच होती. वेष्टनावरचं तिचं नाव कोणाला वाचता येणार? नानांनी तिचं बारसं केलं, कमल. ती नावेतली असो, तोंडाला रंग फासून रंगमंचावर गाणारी असो, नाहीतर पाठीवर पोती वाहणारी म्हातारी असो, ती कमलच. नानांच्या लेखी ते सात सिनेमे नव्हतेच, ते एका बाईचं आयुष्य होतं. नावेतून सासर सोडून पळाली ती कमल, मग पोटासाठी तमाशात गेली ती कमल, मग रेल्वेच्या फाटकावर नोकरीला लागली, मग मोठेपणी शिकून डॉक्टर झाली, आणि शेवटी म्हातारपणी पोती वाहत गावी परत आली तीही कमलच. सीड्यांचा क्रमसुद्धा त्यांनी तसा लावून ठेवला होता. मी एकदा म्हटलं, "नाना, नटी एक असली तरी भूमिका वेगवेगळ्या असतात." नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा मी वर्गातल्या ढ मुलाकडे पाहतो. "सर, चेहरा एक, तं बाई एक."

मला त्यांचा फार राग यायचा. माझा जन्म लाल पेन हातात धरण्यात गेला. चूक दिसली की तिच्याखाली रेघ ओढल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. डॉक्टर झालेली कमल दिवसभर डबे भरत का उभी असते, असं मी विचारलं तर नाना म्हणाले, "औषधना डबा शेत त्या." तमाशातल्या कमलला दाढी का लावली आहे म्हटलं तर, "सासरना लोकस्नी वळखू नई म्हनीसन." उत्तर तयारच. शेवटी माझी पिरपिर ऐकून ते एकदा म्हणाले, "तुम्ही कागद वाचतस सर, मी तोंड वाचस." मी गार झालेलं भजं खाल्लं.

पण गाडी लागली की नाना जे करायचे ते मी दुसरीकडे कुठेही पाहिलेलं नाही. सिनेमा मध्यावर असताना धुळ्याची किंवा सुरतेची गाडी यायची आणि दोन-चार माणसं पिशव्या उचलायची. नाना त्यांना तसं जाऊ देत नसत. हॉटेलच्या पायरीपर्यंत त्यांच्याबरोबर चालत जाऊन उरलेली गोष्ट चार वाक्यांत सांगून टाकत. "अर्धी गोट लई जानं नई," हा त्यांचा नियम होता. गाडी हलायला लागली तर खिडकीला धरून धावत सांगत. कंडक्टर शिव्या घालायचे आणि मग स्वतःच विचारायचे, "मंग? पुढे काय व्हयनं?"

त्यातलं रेल्वे फाटकाचं प्रकरण हा नानांचा कळस. पडद्यावर कमल फाटक उघडते, फाटक लावते, हिरवं निशाण धरते, आणि गाड्या जातात. बाकी काही घडतच नाही. त्या अर्ध्या तासात नाना तिचं जे बोलणं सांगत ते ऐकायला शेजारचा पंक्चरवालाही टायर टाकून यायचा. त्या सगळ्यातली तीन वाक्यं मला आठवतात, तेवढीच देतो. "मी फाटक उघाडस, मी फाटक लावस. बठं जग मन्हा समोरतून जास. माले कोन्ही इचारत नई, बाई, तुले कोठे जानं शे?" आमच्याकडे 'बठं' म्हणजे सगळं. एकदा हे ऐकताना एका टोपलीवाल्या बाईने आपली गाडी समोरून जाऊ दिली होती. ती पदराने डोळे पुसत होती आणि नाना तिला सांगत होते, बस माय, अजून पुढे बरंच शे.

मग रस्ता रुंद करायचं काम आलं. हॉटेलच्या भिंतीवर लाल खूण पडली. नाना म्हणाले, "पडू द्या, भिंतच शे." पण मला ती खूण बघवेना. हॉटेल गेलं की बाक जाणार, गिऱ्हाईक जाणार, आणि कमलचं आयुष्य नानांच्या डोक्याबाहेर कुठेच उरणार नाही. मी ठरवलं, सातही सीड्या लावायच्या, नानांना बोलायला लावायचं आणि मोबाईलवर सगळं रेकॉर्ड करून घ्यायचं. इतकंच केलं असतं तरी पुरे होतं. पण मास्तरकी कुठे गप्प बसते? मला वाटलं, एका बाजूला मूळ गोष्ट, दुसऱ्या बाजूला नानांची गोष्ट, असं छोटं पुस्तक करावं. म्हणजे आधी मूळ गोष्ट हवी.

वेष्टनांचे फोटो टाकून इंटरनेटवर शोधशोध शोधलं. ती नटी सापडली. तिची सगळी कारकीर्द सापडली, सातही सिनेमे हिंदी ओळींसकट सापडले आणि मी ते बघून काढले. ज्या म्हाताऱ्या कमलला नानांनी शेवटी ठेवलं होतं, ती तर क्रमाने तिची दुसरी भूमिका, ऐन पंचविशीत चेहऱ्यावर सुरकुत्या काढून केलेली. दाढीवाली कमल ही नाटकमंडळीत सेनापतीचं काम करणारी गायिका होती. डॉक्टरीणबाई बिस्किटाच्या कारखान्यात डबे भरणारी कामगार निघाली. या सातानंतर तिने सिनेमाच सोडला होता. आणि फाटकवाली? त्या भूमिकेसाठी तिला सर्वांत मोठा मान मिळाला होता, कारण त्या अख्ख्या सिनेमात ती मुकी होती.

हे वाचून मी खोलीत एकटाच मोठ्याने हसलो. मला आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. इतकी वर्षं मी म्हणत होतो ते खरं ठरलं होतं.

एका रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन मी नानांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना जिजी म्हणायचो, चहा ठेवायला आत गेल्या. मी फाटकवाला सिनेमा लावला, खाली इतरांच्या बोलण्याच्या हिंदी ओळी येत होत्या. प्रत्येक ओळ मी मोठ्याने वाचली, मध्ये मध्ये थांबवून समजावून सांगितलं. "बघा नाना, इथे तुमचं चुकलं. इथेही चुकलं." नाना हात मांडीवर ठेवून बघत होते. एवढा वेळ ते गप्प बसलेले मी कधी पाहिले नव्हते. मला वाटलं, रंगले आहेत.

"मुकी शे ती?" त्यांनी विचारलं.

"हो नाना. जन्मापासून."

"आनि मी तिले इतलं बोलाडं?"

मी हसलो. नाना हसले नाहीत. म्हणाले, "लोकस्ले फसाडं सर मी. ती माय गाडी सोडीसन रडत बसनी व्हती." मी घाईघाईने म्हणालो, छे छे नाना, तसं काही नाही, तुमची गोष्ट वेगळी, तीच तर मला हवी आहे. पण वहीवर लाल रेघ ओढून झाल्यावर मुलाला "छान लिहिलंस" म्हटलं तर तो कशाला विश्वास ठेवेल?

पुढच्या रविवारी रेकॉर्डिंग. नानांनी आंघोळ करून धुतलेली टोपी घातली होती. मी मोबाईल पितळी पेल्याला टेकवून ठेवला आणि सीडी लावली. कमल फाटकाकडे चालत आली. नानांनी तोंड उघडलं, "मी फाटक..." आणि थांबले. "नही सर. मुकी शे ती."

मी विनवण्या केल्या. मी रागावलो. मी म्हटलं, नाना, नावेतली लावू का, तिथे तर ती बोलते. लावली. नाना तिच्या तोंडाकडे बघत राहिले आणि मला विचारलं, "तठे ती खरं काय सांगस?" आठ दिवसांपूर्वी मी त्यांच्याशी भांडत होतो ते याच प्रश्नासाठी, आणि आता तो ऐकून मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. असे तीन रविवार गेले. त्या रेकॉर्डिंगमध्ये आगगाडीची शिटी आहे, नानांचा खोकला आहे आणि माझा आवाज आहे, "नाना, बोला ना! अहो बोला ना!" तो आवाज मी वर्गात ज्या सुरात ओरडतो त्याच सुरातला आहे. मी एकदाच तो ऐकला.

हॉटेल पडलं त्यानंतर नाना फार दिवस राहिले नाहीत. थंडीत दमा उसळला, दवाखान्यात नेलं, आणि चौथ्या दिवशी गेले. लोक म्हणतात, हॉटेलच्या दुःखाने गेले. मी मान डोलावतो. मला जे वाटतं ते मी कोणाला सांगितलेलं नाही, इथेच पहिल्यांदा लिहितो आहे: नाना बोलणं थांबल्याने गेले, आणि ते मी थांबवलं.

मग मी स्वतः आठवून लिहायला बसलो. इतकी वर्षं ऐकलेलं, कुठे जाईल? वही उघडली, कमल नावेत बसली, आणि पुढे मला नानांचं काही आठवेना. आठवायच्या त्या हिंदीतल्या ओळी, शिस्तीत, एकाखाली एक. जिजींना विचारायला गेलो. त्या म्हणाल्या, "मी भजा तयू का गोट आयकू? त्या बोलाले लागनात की कढई मन्हाकडे." 'त्या' म्हणजे नाना; जिजी नवऱ्याचं नाव घेत नसत. बरोबरच होतं. नाना सांगत असताना कोणीतरी भजी तळायला हवीच होती, आणि ते कोण करत होतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

जिजींनी कपाटातून सीड्या काढल्या. "सर, ती फाटकवाली लावा ना एकदाव. मी कधी बशीसन देखीच नई. तुम्हीच सांगा, त्या सांगेत तशी."

मी सीडी लावली. जिजी पदर नीट करून समोर बसल्या. कमलने फाटक लावलं. मी उभा राहिलो, घसा खाकरला, आणि ती तीन वाक्यं म्हटली. गाडी धडधडत गेली. सिनेमा अजून अर्धा तास बाकी होता. मी सांगायला लागलो, ही जन्मापासून मुकी आहे, हिच्या वडिलांची ही नोकरी, ती वडील गेल्यावर हिला मिळाली, हिचा भाऊ शहरात असतो, त्याचं पत्र आलं आहे. जिजी बराच वेळ नीट ऐकत होत्या. मग पडद्यावरची नजर न काढता त्यांनी हाताने मला खाली बसायची खूण केली.

"राहू द्या सर," त्या म्हणाल्या. "तुम्हले बठं खरं तेवढंच याद शे."