चुकण्याची नोकरी

मावशीला चुका करण्याचा पगार मिळायचा. हसू नका, खरंच सांगतो.

माणसं यंत्रांशी कशी वागतात ते तपासणारं एक ऑफिस होतं. कोणी नवं ॲप काढलं, तिकिटाचं मशीन काढलं, की ते आधी तिथे यायचं. एका खोलीत माणसाला त्याच्यापुढे बसवायचं, कॅमेरा लावायचा आणि काचेपलीकडून बघत राहायचं, हा कुठे अडतो, कुठे वैतागतो. अट एकच, मनात येईल ते मोठ्याने बोलायचं. "अगं बाई, हे काय आलं", "आता कुठे दाबू", सगळं.

मावशी तिथे लादी पुसायची. एके दिवशी ठरलेला माणूस आलाच नाही, तेव्हा चष्मेवाल्या संशोधक बाईंनी हिलाच खुर्चीत बसवलं. मावशी घामाघूम. चार वेळा चुकली, एकदा तर घाबरून पडद्यालाच "अहो" म्हणाली. काचेपलीकडे नुसता आनंदीआनंद! त्या दिवसापासून तिच्या हातचं फडकं सुटलं आणि ती 'यंत्र न कळणारं माणूस' म्हणून कायमची झाली. खरं तर दर वेळी नवं माणूस बसवायचं असतं. पण शोधायची कटकट कोण करणार? आणि इतकं झकास चुकणारं माणूस मिळणार कुठे?

आता मला सांगा, रोज यंत्रापुढे बसून माणूस शिकणार नाही तर काय करणार? सहा महिन्यांत मावशीला सगळं यायला लागलं. तिच्यासारखेच खुर्चीत बसणारे एक वॉचमनकाका होते. तेही शिकले आणि एकदा ऐटीत मिनिटभरात काम उरकून मोकळे झाले. "वा काका!" म्हणून टाळ्या वाजल्या, आणि पुन्हा त्यांना कोणी बोलावलं नाही. मावशीने त्याचा असा धसका घेतला की बोलायची सोय नाही. घरी नवरा दम्याने बेजार, मिळवणारी ही एकटी. मग तिने न येण्याचं सोंग आणलं. ते सहा वर्षं चाललं.

मनात येईल ते बोलायचं म्हणे! मनात असायचं, 'उजवीकडचं हिरवं बटण, त्यात काय आहे?' आणि तोंडाने म्हणायची, "कुठलं बाई दाबायचं? माझं मेलं डोकंच चालत नाही." घरी गेल्यावरही ते सोंग अंगावरून उतरायचं नाही. नवऱ्याच्या फोनवर काही अडलं तर आधी चुकीच्याच जागी बोट जायचं. तिला स्वतःचाच राग यायचा.

गेल्या वर्षी हॉस्पिटलात नंबर लावायचं यंत्र तपासायला आलं. सोपं, सुटसुटीत, चार प्रश्नांत नंबर हातात. मावशीने इमानेइतबारे 'पुढे' सोडून 'रद्द' दाबलं. बाईंनी प्रत्येक प्रश्नानंतर 'नक्की?' असं विचारायची सोय केली. मावशी तिथेही चुकली. मग दुसरा 'नक्की?' आला. ती घाईत दाबते असं दिसलं, म्हणून यंत्राचा आवाज प्रश्न पूर्ण वाचेपर्यंत बटणं बंद ठेवली. बाई म्हणाल्या, "मावशी, हे सगळं तुमच्यासारख्यांसाठी हं."

पहिलं यंत्र बसलं ते नेमकं नवऱ्याच्याच हॉस्पिटलात. पंधरा दिवसांपूर्वी सकाळी त्याचा श्वास कोंडला. मावशीने रिक्षा करून त्याला नेलं. खिडकीतला माणूस म्हणाला, "नंबर यंत्रातूनच." नवरा तिच्या खांद्यावर कलंडलेला, ओठ निळे पडलेले. यंत्राने शांतपणे विचारलं, "आपण रुग्ण आहात का? नक्की? पुन्हा एकदा विचार करून सांगा."

"अगं, दाब ना," नवरा कसाबसा म्हणाला. "तू तर यातलीच आहेस."

बोट बटणावर होतंच. पण आवाज संपेपर्यंत बटण ढिम्म. प्रत्येक प्रश्न तीनदा. मागे रांगेत कोणीतरी करवादलं, "कुठल्या मूर्खाने केलंय हे?" मावशीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तिच्या एकेका खोट्या चुकीचा हिशेब ते यंत्र तिच्याच नवऱ्याकडून वसूल करत होतं.

नवरा वाचला. "अजून पाच मिनिटं गेली असती तर काही खरं नव्हतं," डॉक्टर म्हणाले. दर आठवड्याला दाखवायला या, असंही म्हणाले.

काल ती कामावर गेली तर चष्मेवाल्या बाई खुशीत. पुढच्या महिन्यात हे यंत्र सगळ्या हॉस्पिटलांत लागणार, आज शेवटची तपासणी. मावशी खुर्चीत बसली. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला.

"चला मावशी, मनात येईल ते बोला."

तिने डोळे मिटले. नोकरी गेली तर जाऊ दे चुलीत.

"मला येतं, बाई. सगळं येतं, सहा वर्षांपासून येतं. मी मुद्दाम चुकत होते, पोटासाठी. हे तीन-तीनदा विचारणं काढून टाका, माणसं मरतील हो!"

मग स्पीकरमधून बाईंचा आवाज आला, अगदी भरून आलेला. "ऐकलंत ना सगळ्यांनी? यंत्र इतकं सोपं झालंय, की मावशींना वाटतंय आपल्याला पहिल्यापासूनच येत होतं! बिचाऱ्या, घरच्या आजारपणाने हबकल्यात. पण आत्मविश्वास बघा त्यांचा."

"अहो, तसं नाही! थांबा, करूनच दाखवते."

"दाखवा ना. सावकाश, घाई नाही."

मावशीने तडक बोट नेऊन बरोबर बटणावर ठेवलं. बटण बंद. यंत्र प्रश्न वाचायला लागलं, एकेक शब्द सुटा करून. ती दाबत राहिली, दाबत राहिली, काही होईना. काचेपलीकडे कोणीतरी हळूच म्हणालं, "लिहून घ्या, अजून थोड्या गोंधळतात. चौथ्यांदा विचारलेलं बरं."

"मावशी, गप्प का झालात?" बाई म्हणाल्या. "मनात येईल ते बोला."

मावशी बटण उघडायची वाट बघत बसून राहिली.