अस्सल हत्तीची गादी

रोज सकाळी शटर वर गेलं, की सिद्रामप्पा कलशेट्टी आधी झोपायचे. सकाळी नऊ वाजता, सोलापूरच्या कुंभार वेशीत, सगळ्या रहदारीच्या डोळ्यांदेखत. दुकानातली सगळ्यात नवी गादी पसरायची, चपला काढायच्या, टोपी छातीवर ठेवायची आणि आडवं व्हायचं. थोडा वेळ उताणे, थोडा वेळ डाव्या कुशीवर, मग उजव्या. समोरचा पानवाला या वेळेवर आपलं घड्याळ लावायचा. मग सिद्रामप्पा उठून बसायचे आणि निकाल सांगायचे.

"पायाकडं जरा रुसलीय."

रुसलेल्या गादीची शिवण उसवली जायची. कापूस बाहेर निघायचा, पुन्हा पिंजला जायचा, पुन्हा भरला जायचा. एवढं करून ती गादी तशीच राहायची, कारण न्यायला कुणी येत नव्हतं.

लोक फोमकडे गेले होते. सिद्रामप्पा फोमच्या गादीला गादी म्हणत नसत, 'ती वस्तू' म्हणत. "ती वस्तू पाठीच्या हो ला हो करती," ते सांगायचे. "गादीनं माणसाला दोन गोष्टी ऐकवल्या पायजेत की." गेल्या तीन महिन्यांत त्यांची एकच नवी गादी गेली होती, तीही एका डॉक्टरांच्या कुत्र्यासाठी. डॉक्टर फोमवर झोपतात आणि त्यांची पाठ दुखते. कुत्रा कापसावर झोपतो आणि तो कसा ताठ चालतो बघा, हे सिद्रामप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत. ऐकणारे कुत्र्याची चौकशी करून निघून जात.

त्यांची बायको दाक्षायणी मागच्या खोलीत मशीनवर खोळी शिवायची. तिला हे सगळं ऐकू यायचं. "कुत्र्यालाच दुकानात बसवा," ती आतून म्हणायची. "तुमच्यापेक्षा बरं बोलेल."

मुलगा अनिलकुमार पुण्यात चार वर्षं नोकरी करून परत आला होता. त्यानं एका फोम कंपनीशी एजन्सीची बोलणी केली होती. दुकान रंगवायचं, काच बसवायची, पिंजायचं यंत्र भंगारात द्यायचं, असं सगळं त्याच्या मोबाइलमध्ये चित्रासकट तयार होतं. भंगार हा शब्द निघाला, त्या दिवशी सिद्रामप्पा जेवले नाहीत. यंत्राच्या अंगावर त्यांनी चादर घातली, जणू त्यानंही ते ऐकलं होतं.

शेवटी अनिलकुमारनं मुदत घातली. "अप्पा, गड्ड्याच्या जत्रेपर्यंत बघू. संक्रांतीला ती सुरू व्हायच्या आत एक गादी, माणसानं झोपायची, अनोळखी गिऱ्हाइकानं नेली, तर मी फोमचं नाव काढणार नाही. नाहीतर तुम्ही कापसाचं नाव काढायचं नाही."

"एकच?" सिद्रामप्पा म्हणाले. ते ताठ झाले. त्यांनी तडक फोन उचलला आणि फ्लेक्सच्या दुकानात लावला.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. सिद्रामप्पा मूळचे अक्कलकोटकडचे. दुकानात मराठी, घरात कन्नड. एरवी दोन्ही भाषा आपापल्या खोलीत राहायच्या. पण राग आला किंवा प्रेम दाटून आलं, की मधलं दार उघडायचं. त्या क्षणी त्यांना दोन्ही झालं होतं. आणि कन्नडमध्ये कापसाला हत्ती म्हणतात.

"लिही," ते फोनवर ओरडले. "फोम विसरा. आमच्याकडं फक्त हत्ती. अस्सल हत्ती. पाठीला हत्तीच लागतो. मोठ्या अक्षरात!"

फ्लेक्सच्या दुकानात धनलक्ष्मी नावाची मुलगी होती. तिच्या घरी तेलुगू. तिनं मन लावून ऐकलं आणि मन लावून काम केलं. दुसऱ्या दिवशी दहा फुटी फ्लेक्स आला. त्यावर एक हत्ती गादीवर कुशीवर झोपला होता. त्याच्या डोळ्यांवर चष्मा होता आणि सोंडेखाली उशी.

सिद्रामप्पांनी फ्लेक्स गुंडाळून काखेत मारला. मग फ्लेक्सच्या दुकानात गेले.

"बाळ, हे काय?"

"हत्ती की काका. तुम्हीच म्हणालात. चष्मा मी माझ्या मनानं घातला, विचारी वाटावा म्हणून."

"अगं, हत्ती म्हणजे कापूस!"

धनलक्ष्मी त्यांच्याकडे थोड्या काळजीनं बघू लागली. "काका, आमच्यात कापसाला पत्ती म्हणतात."

"बरं झालं पत्ती म्हणालो न्हाय. चहाची पत्ती छापली असतीस."

"मग हत्तीला तुम्ही काय म्हणता?"

"आने."

"म्हणजे सोळा हत्तींचा रुपया," धनलक्ष्मी म्हणाली आणि इतकी हसली, की तिचं दुरुस्तीचं विचारणं राहूनच गेलं. सिद्रामप्पा परत आले. दुसरा फ्लेक्स होईपर्यंत दोन दिवस जाणार, आणि संक्रांत पाच दिवसांवर. त्यांनी हत्ती टांगला.

मग चौकशा सुरू झाल्या. शाळेची पोरं हत्ती कुठं बांधलाय ते बघायला आली. एका बाईनं फोन करून गादीत हत्तीचं नेमकं काय भरता, असा जाब विचारला. एक म्हातारे गृहस्थ दुकानासमोर उभे राहून हात जोडून गेले. सिद्रामप्पा प्रत्येकाला कन्नड शिकवत होते. गादी मात्र कुणी मागितली नाही.

चौथ्या दिवशी दुकानात एकदम अंधार झाला. सिद्रामप्पांनी वर बघितलं, तर दारात एक अनोळखी पैलवान उभा होता, नातेपुत्याचा बाळासो. हा सोलापुरात पाहुण्यांकडे आला होता आणि रस्त्यावरून फ्लेक्स बघून थांबला होता.

"हत्ती झोपला तरी गादी दबत न्हाय, ते खरं का?" त्यानं विचारलं.

सिद्रामप्पांनी तोंड उघडलं. कन्नड शिकवायला ते उघडलं होतं. पण त्यांनी बाळासोची रुंदी बघितली आणि ते हळूच मिटलं.

"कुणासाठी पायजे?" त्यांनी विचारलं.

"माज्यासाटीच. फोमची घेतली व्हती. तिसऱ्या दिवशी मदी खड्डा. रातीला त्यात पडलो की सकाळी दोघं वर काडत्यात." तो खाली बघत म्हणाला. एवढ्या मोठ्या माणसाला एवढं लाजताना सिद्रामप्पांनी पाहिलं नव्हतं. "पर मी आदी झोपून बगणार. जमलं तर नेणार."

"उद्या दुपारी या," सिद्रामप्पा म्हणाले.

त्यांनी यंत्रावरची चादर काढली. दुप्पट कापूस पिंजला. दाक्षायणीनं दोन खोळी जोडून एक केली. दुपार सरली, दिवे लागले, तरी ते भरतच होते.

"गादी भरताय का विहीर बुजवताय?" दाक्षायणी म्हणाली. पण दाभण तिच्याच हातात होतं, आणि टाके ती नेहमीपेक्षा जवळ जवळ घालत होती.

भोगीच्या दिवशी बाळासो आला. बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी जेवूनच आला होता. गादी एवढी मोठी झाली होती, की ती दुकानात फक्त आडवी मावत होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. बाळासोनं बाहेर चपला काढल्या, गादीला हात लावून तो कपाळाला लावला आणि आडवा झाला. सिद्रामप्पा श्वास धरून उभे राहिले. त्यांनी तीनपर्यंत मोजलं. चार म्हणायच्या आत बाळासो घोरायला लागला.

नेमका तेव्हाच अनिलकुमार फोम कंपनीच्या साहेबांना घेऊन आला. "फक्त जागा बघायला आलेत, अप्पा," तो नजर चुकवून म्हणाला. साहेबांच्या हातात कागद होते.

जागा दिसत नव्हती. जागेवर बाळासो होता.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"गिऱ्हाईक," सिद्रामप्पा कुजबुजले. "गादी तपासायलेत."

"किती वेळ तपासणार?"

"ते आता त्यांच्या हातात न्हाय."

अर्धा तास गेला. घोरणं ऐकून बाहेर माणसं जमली. पानवाला पान लावायचं थांबला. "अनिल, लई भारी जाहिरात बे!" कुणीतरी ओरडलं. साहेबांनी उठवायला सांगितलं. सिद्रामप्पांनी दोन्ही हात पसरून मान हलवली. झोपलेल्या गिऱ्हाइकाला उठवणं त्यांच्या दुकानात आजवर झालं नव्हतं. मुळात झोपलेलं गिऱ्हाईकच किती दिवसांनी मिळालं होतं.

साहेब वैतागले. मागच्या खोलीची मापं घ्यायची तर पलीकडे जायला हवं. त्यांनी बाळासोच्या पायांकडची मोकळी जागा हेरली आणि गादीवर पाय ठेवला. बुटासकट.

"ए साहेब, बूट!"

सगळ्यांनी सिद्रामप्पांकडे बघितलं. पण सिद्रामप्पा बोललेच नव्हते. ओरडला होता अनिलकुमार. तो स्वतःच दचकला होता.

"अहो, गादीच आहे ना?" साहेब म्हणाले. "आमच्या शोरूममध्ये आम्ही गादीवर नाचून दाखवतो."

"मग तिथं नाचा," अनिलकुमार म्हणाला. आवाज बापाचा होता. "पाय काढा आधी. कालच्या दिवसाचं काम आहे ते. आई अकरापर्यंत टाके घालत होती."

साहेबांनी पाय काढला. कागद बॅगेत घातले. एजन्सीला पुढच्या गल्लीत दोघं तयार आहेत, असं सांगून ते गर्दीतून निघून गेले. अनिलकुमार त्यांच्यामागे गेला नाही. तो वाकून गादीवरचा बुटाचा ठसा रुमालानं झटकत राहिला, खोळ स्वच्छ झाल्यावरसुद्धा.

बाळासो पाच वाजता उठला. "सकाळ झाली व्हय?" त्यानं विचारलं. मग गादीकडे वळून बघितलं. खड्डा नव्हता. त्यानं तळव्यानं दोनदा दाबून बघितलं, तरी नव्हता. पैसे दिले, गादीची वळकटी केली, डोक्यावर घेतली आणि निघाला. वेशीतली वाहनं आपोआप बाजूला झाली. बघणाऱ्यांपैकी एकानं आत येऊन उशी मिळेल का, असं विचारलं. नुसती उशीच, पण विचारलं.

दुकान रिकामं झालं. सिद्रामप्पांना पोराला काहीतरी मोठं बोलावंसं वाटत होतं, कन्नडमध्ये की मराठीत ते ठरत नव्हतं. तोवर अनिलकुमार कापसाच्या ढिगाजवळ मांडी घालून बसला होता आणि उशीसाठी गाठी सोडवायला लागला होता, चुकीच्या बाजूनं. साहेबांसाठी लावलेला पंखा अजून गरगरत होता.

"तो पंखा बंद कर की," सिद्रामप्पा म्हणाले. "कापूस उडायलाय."